आरोग्य केंद्र आले कोठून?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलडाणा, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ आणि आमचे वाशिम. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. इथला माणूस गंभीर आजारी पडला की 'अकोल्याला न्या' हे वाक्य ठरलेले. तेव्हा आपल्याच गावात डॉक्टर घडणार याचा आनंद होणे साहजिक आहे. चौकाचौकांत चर्चा झाली ती जागा किती, इमारत कधी, प्राध्यापक कोठून आणणार याची. तीही रास्त होती. पण या निमित्ताने मला एक जुनाच प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. आजारी माणसाला बरे करणे हे सरकारचे काम आहे, ही कल्पना आपल्याकडे आली कोठून?

कारण ही कल्पना काही परंपरेने चालत आलेली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी वऱ्हाडातल्या खेड्यात वैद्य होता, हकीम होता, सुईण होती, हाड बसविणारा होता. तालुक्याला इंग्रज सरकारचा एखादा दवाखाना असे, कोठे मिशनचे इस्पितळ असे. पटकीची साथ आली की सरकारी माणसे गावात दिसत, साथ ओसरली की दिसेनाशी होत. मात्र रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या लहानशा गावातल्या बाळंतिणीची नोंद सरकारच्या वहीत असावी, तिच्याकडे कोणीतरी चालत जावे आणि त्याचे पैसे तिने देऊ नयेत, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हे स्वप्न विसाव्या शतकाचे आहे. आणि त्याचा मोठा भाग पाहिला गेला तो समाजवादी विचारांच्या छायेत.

समाजवाद हा शब्द काढला की हल्ली घरातली मंडळी कपाळाला आठ्या घालतात. राजकारण नको, असे म्हणतात. म्हणून आधी घरातल्याच गोष्टी घेऊ.

दोन थेंबांची गोष्ट

१९९५ पासून आपण आपल्या मुलांना आणि नातवंडांना पोलिओचे दोन थेंब पाजत आलो. ही तोंडावाटे द्यायची लस तयार केली अमेरिकेतल्या अल्बर्ट सेबिन यांनी. पण अमेरिकेत तेव्हा सॉक यांची टोचायची लस रूढ झालेली होती. सेबिन यांच्या लसीची मोठ्या प्रमाणावर परीक्षा घेतली ती सोव्हिएत रशियात, मिखाइल चुमाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९५९-६० या काळात तिथल्या कोट्यवधी मुलांना ती देण्यात आली, पुष्कळांना तर चक्क गोळी-चॉकलेटाच्या रूपात. शीतयुद्ध ऐन भरात असताना एका अमेरिकन शास्त्रज्ञाची लस रशियन मुलांनी खरी करून दाखविली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. त्या यशात या इतिहासाचा वाटा आहे.

माझ्या पिढीला भिंतीवर रंगविलेली दुसरी एक पाटी आठवत असेल. देवीचा रोगी कळविणाऱ्याला रोख बक्षीस. ती रक्कम शेवटी एक हजार रुपयांपर्यंत गेली होती. आम्हा मुलांना ती एवढी मोठी वाटे की शाळेतून येताना आम्ही लोकांच्या तोंडाकडे निरखून पाहत असू. देवीचा रोग जगातून घालवावा, हा ठराव १९५८ साली जागतिक आरोग्य संघटनेपुढे मांडला तो रशियाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी. उष्ण हवेतही टिकणारी सुकी लस रशियाने भारताला मोठ्या प्रमाणावर दिली. १९७५ च्या मे महिन्यात या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

आणखी एक. मोटारसायकलच्या अपघातात पायाच्या हाडाचा चुरा झालेला एखादा तरुण पायाभोवती लोखंडी कड्या आणि तारा लावून बसलेला तुम्ही पाहिला असेल. डॉक्टर तिला 'इलिझारोव्ह रिंग' म्हणतात. गावरिल इलिझारोव्ह हे सायबेरियातल्या कुर्गान या आडगावचे शल्यचिकित्सक. दुसऱ्या महायुद्धानंतर हातापायांनी अधू झालेल्या सैनिकांवर उपचार करता करता १९५० च्या दशकात त्यांनी ही पद्धत बसविली. पाश्चात्त्य देशांना तिची खरी ओळख १९८० च्या सुमारास, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी झाली.

हिवतापाचेही तसेच. १९६७ साली चीनमध्ये हिवतापावरील औषधाच्या शोधासाठी एक गुप्त मोहीम सुरू झाली. तिच्यात तू योयो या संशोधिका होत्या. त्यांनी जुने चिनी वैद्यकग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने एका वनस्पतीचा रस पाण्यात भिजवून पिळून काढायला सांगितला होता. तू योयो यांच्या ध्यानात आले की आपण ही वनस्पती उकळतो आणि नेमका गुण तिथेच मरतो. कमी उष्णतेवर अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आले. त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. आपल्याकडे चरक-सुश्रुतांची नावे घेताना छाती फुगते. पण जुना ग्रंथ अभिमानासाठी वाचणे वेगळे आणि रोग्यासाठी वाचणे वेगळे, हे या बाईंकडून शिकावे.

रशियन खेड्यातला डॉक्टर

या साऱ्याच्या मुळाशी एक व्यवस्था होती. रशियात तिची सुरुवात क्रांतीच्याही आधीची. १८६४ पासून तिथे 'झेम्स्त्वो' नावाच्या स्थानिक संस्था स्थापन झाल्या. आपल्या जिल्हा परिषदेसारख्याच म्हणा ना. त्यांनी खेड्यांसाठी डॉक्टर नेमले. कथालेखक अंतोन चेखव हे पेशाने डॉक्टर. १८९२ च्या पटकीच्या साथीत त्यांनी पंचवीस गावांची जबाबदारी विनावेतन अंगावर घेतली होती. डॉक्टरांच्या हाताखाली 'फेल्डशर' असत. पूर्ण डॉक्टर नव्हेत, पण मलमपट्टी, साधे उपचार, बाळंतपण सांभाळणारे खेड्यातले जाणते लोक.

क्रांतीनंतर १९१८ च्या जुलैमध्ये स्वतंत्र आरोग्य खाते स्थापन झाले आणि निकोलाय सेमाश्को त्याचे प्रमुख झाले. देशात यादवी युद्ध, उपासमार आणि उवांमुळे पसरणारा टायफस ताप. सेमाश्कोंनी जी रचना केली तिची सूत्रे सोपी होती. उपचार मोफत. रोग होऊ न देणे हे रोग बरा करण्याइतकेच महत्त्वाचे. प्रत्येक ठराविक वस्तीला एक डॉक्टर आणि त्याच्यावर तालुका, जिल्हा अशी चढती इस्पितळे. वस्तीतला माणूस आजारी पडला तर उत्तर द्यायचे ते त्या डॉक्टरने. आपली उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही उतरंड पाहिली की ओळख पटते की नाही?

सेमाश्को एवढ्यावर थांबले नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी मॉस्कोच्या विद्यापीठात 'सामाजिक आरोग्य' हा विषय शिकविणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. क्षयरोग जंतूमुळे होतो हे खरे, पण तो कोंदट खोलीत राहणाऱ्या मजुराला का होतो आणि हवेशीर बंगल्यातल्या मालकाला का होत नाही, हे डॉक्टरला कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार. वैद्यकाच्या अभ्यासात घर, मजुरी, पाणी, अन्न आले ते या वाटेने.

नाशिकचे भोर आणि एक इतिहासकार

हा विचार भारतात कसा आला, ही कथा मराठी वाचकाला जिव्हाळ्याची वाटावी. १९४३ च्या ऑक्टोबरात इंग्रज सरकारने देशाच्या आरोग्याचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे भोर नाशिकचे. १८७८ साली तिथेच जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, आय.सी.एस. झालेले. म्हणजे क्रांतिकारक वगैरे मुळीच नव्हेत. पण समितीने १९४६ मध्ये चार खंडांचा जो अहवाल दिला तो वाचून आजही अंगावर काटा येतो. हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे २७ वर्षांच्या आसपास. १९३७ साली जन्मलेल्या हजार बालकांपैकी १६२ पहिल्या वाढदिवसाआधी दगावलेली. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका.

समितीने सल्ल्यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलाविले. त्यांत एक होते हेन्री सिगेरिस्ट. मूळचे स्विस, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यक-इतिहास संस्थेचे संचालक. वैद्यकाचा इतिहास म्हणजे थोर डॉक्टरांची चरित्रे, ही समजूत या माणसाने मोडली. रोग्याचा इतिहास, मजुराचा इतिहास, दवाखान्याचे पैसे कोण देतो याचा इतिहास, हाही वैद्यकाचाच इतिहास आहे, असे ते सांगत. दोनदा रशियाला जाऊन त्यांनी १९३७ मध्ये तिथल्या आरोग्यव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. १९४४ च्या अखेरीस ते भारतात आले. पुढे आठ खंडांत जगाच्या वैद्यकाचा इतिहास लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. १९५७ मध्ये ते वारले, दोनच खंड होऊ शकले. मृत्यूनंतर १९६१ मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडात ग्रीक आणि इराणी वैद्यकाच्या जोडीने प्राचीन भारतीय वैद्यकाला जागा मिळाली. आपल्याकडे १९५६ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकाच्या इतिहासाचा खास विभाग सुरू झाला, तोही याच वाऱ्याचा परिणाम म्हणता येईल.

भोर समितीने सांगितले की पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. तातडीचा उपाय म्हणून ४०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आणि दूरचे उद्दिष्ट? १० ते २० हजार वस्तीला ७५ खाटांचे इस्पितळ, सहा डॉक्टर, वीस परिचारिका. आता आपण वाशिमचा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. वीस हजारांमागे एक धरले तरी साठ इस्पितळे आणि साडेचार हजार खाटा. तालुक्याची आणि जिल्ह्याची मोठी रुग्णालये त्यात धरलेली नाहीत. प्रत्यक्षात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारणपणे सहा खाटा असतात. पंच्याहत्तर आणि सहा यांतले अंतर कोणत्याही भाषणापेक्षा बोलके आहे.

सुटलेला सांधा

भोर समितीच्याच काळात आणखी एक अहवाल तयार होत होता. १९३८ मध्ये काँग्रेसने नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली होती. तिच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते कर्नल साहिबसिंग सोखे. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक. १९३२ ते १९४९ ही सतरा वर्षे त्यांनी ती संस्था वाढविली. औषधे देशातच आणि स्वस्तात झाली पाहिजेत, या ध्यासाने त्यांनी रशियाच्या मदतीचा आग्रह धरला. पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना १९५४ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभा राहिला, तर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आय.डी.पी.एल.चे ऋषिकेश आणि हैदराबादचे कारखाने रशियाच्या साहाय्याने. पुढे १९७० चा पेटंट कायदा आला आणि भारतीय औषधे जगात स्वस्त ठरली. मेडिकल दुकानातून आपण जी साधी गोळी चार पैशांत आणतो, तिच्यामागे ही सगळी खटपट आहे.

पण सोखेंच्या अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच शिफारस. खेड्यातल्या दर हजार माणसांमागे एक आरोग्य कार्यकर्ता. त्याला थोडक्या महिन्यांचे व्यावहारिक प्रशिक्षण द्यायचे. स्वच्छता, प्रथमोपचार, साधी औषधे त्याने सांभाळायची. कार्यकर्ता गावचाच असायचा.

भोर समितीचा कल वेगळा होता. त्या काळी आपल्याकडे दोन तऱ्हेचे डॉक्टर असत. विद्यापीठाचे पदवीधर आणि कमी मुदतीचा अभ्यास केलेले एल.एम.पी. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून असे कितीतरी एल.एम.पी. डॉक्टर वऱ्हाडात आले. जुन्या घरांत अजूनही त्यांची नावे आदराने निघतात. भोर समितीने बहुमताने ठरविले की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, पूर्ण पदवी घेतलेला. खेड्यातल्या माणसाला कमी प्रतीचा डॉक्टर का द्यावा, हा त्यामागचा हेतू उदात्त होता. समितीतल्या काही सदस्यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. पुढे झाले काय? एल.एम.पी. बंद झाले आणि पदवीधर खेड्यात गेले नाहीत. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, पण कित्येक ठिकाणी इमारत होती, औषधाचे कपाट होते, आणि डॉक्टरची खुर्ची रिकामी होती.

नागपूर, सोलापूर आणि अनवाणी डॉक्टर

याच सुमारास दोन मराठी डॉक्टर चीनमध्ये ही गोष्ट दुसऱ्या टोकाने पाहत होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक असतात. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांना घराघरांत पोहोचविले. पण त्या पथकात नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकरही होते, वयाने सर्वांत ज्येष्ठ. त्यांची आठवण विदर्भालाही फारशी राहिलेली नाही. प्रकृती आणि वय यांमुळे ते १९३९ मध्ये परतले. कोटणीस राहिले. नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन शल्यचिकित्सकाच्या नावाने काढलेल्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले. शस्त्रक्रिया करता करता ते गावातल्या पोरांना वैद्यक शिकवीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले.

शेतकऱ्याच्या मुलाला काही महिन्यांत उपयोगी वैद्यक शिकविता येते, हा युद्धातला अनुभव चीनने पुढे सर्वत्र वापरला. १९६५ नंतर 'अनवाणी डॉक्टरां'ची योजना देशभर पसरली. शेतात काम करणारा, गावानेच निवडलेला, खांद्याला औषधाची पेटी लावलेला माणूस. दहा लाखांहून अधिक असे कार्यकर्ते तयार झाले. जगाने त्याची दखल घेतली. १९७८ च्या सप्टेंबरात सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आता शहरी १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि सर्वांना प्राथमिक आरोग्यसेवा, हे ध्येय त्यांनी एकमुखाने मान्य केले.

महाराष्ट्राने मात्र अल्मा-आताची वाट पाहिली नव्हती. १९७० मध्येच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कामाला सुरुवात केली होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पुष्कळशा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केले. हे दांपत्य समाजवादी नव्हे, श्रद्धाळू ख्रिस्ती. पण सूत्र तेच, गावचे आरोग्य गावच्या हाती. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायका नवजात बाळे वाचवू शकतात, हे मोजून दाखविले आणि १९९९ मध्ये ते जगापुढे ठेवले.

सरकारने ही कल्पना दोनदा उचलली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी दर हजार वस्तीला एक आरोग्यरक्षक ही योजना निघाली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा पन्नास रुपये मानधन. ती हळूहळू विझली. मग २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि 'आशा' ताई आल्या. पुन्हा दर हजार वस्तीला एक. म्हणजे सोखेंनी मांडलेला आकडा आपल्या गावात कायमचा पोहोचायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

जे झाकून ठेवले गेले

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख प्रचारपत्रक होईल.

१९४८ मध्ये रशियात लिसेंको या लाडक्या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून आनुवंशिकतेचे शास्त्रच बाद ठरविण्यात आले. वैद्यकाचा अभ्यास त्यामुळे किती मागे पडला असेल! १९५३ च्या जानेवारीत मॉस्कोतल्या नामवंत डॉक्टरांवर, ज्यांत बहुसंख्य ज्यू होते, नेत्यांना मारण्याचा कट रचल्याचा खोटा आरोप ठेवण्यात आला. स्टालिन मार्चमध्ये मेला म्हणून ते वाचले. पुढच्या काळात सरकारविरुद्ध बोलणाऱ्या शहाण्या माणसांना वेडे ठरवून मनोरुग्णालयात डांबले गेले. १९७० च्या दशकात बालमृत्यू वाढू लागले तेव्हा सरकारने उपाय केला तो आकडे छापणे बंद करण्याचा. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात दुष्काळाने आणि धोरणाच्या हट्टाने कोट्यवधी माणसे मेली आणि खालच्या अधिकाऱ्यांनी वर भरघोस पिकांचे आकडे पाठविले. सिगेरिस्टसारखा विद्वानही रशियातले चकचकीत दवाखाने पाहून हरखून गेला. १९३२-३३ च्या भीषण दुष्काळाची सावली त्याच्या पुस्तकात पडलेली दिसत नाही.

या सर्वांचे निदान एकच आहे. डॉक्टर होता, दवाखाना होता, औषध होते, पण रोग्याला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. वर्तमानपत्र छापू शकत नव्हते, विरोधी पक्ष बोलू शकत नव्हता. आरोग्य हे सरकारने दिलेले दान होते, माणसाचा हक्क नव्हता. दान देणारा हात आखडला की मागणार कोणाकडे? सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९४ मध्ये रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आले. चीनमध्ये १९८० नंतर सामुदायिक शेती मोडली आणि तिच्या पैशावर चालणारी गावची आरोग्यव्यवस्थाही बरोबरच मोडली.

आपण काय घेतले?

आपण प्रश्न विचारू शकतो. निवडणुका आहेत, वर्तमानपत्रे आहेत. १९७६ मध्ये घटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्दही घातला. मग आपल्याकडे असे का? माझ्या मते आपण समाजवादी आरोग्यव्यवस्थेचा नकाशा घेतला आणि तिचे आधार सोडून दिले.

पहिला आधार पैशाचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरविले. ते वर्ष आले तरी आपण त्या मुक्कामाला पोहोचलो नाही.

दुसरा डॉक्टरांचा. रशियात शिक्षण फुकट, पण पदवीनंतर तीन वर्षे सरकार पाठवील तिथे जावे लागे. आपण शासकीय महाविद्यालयात लोकांच्या कराच्या पैशावर शिकविले आणि एका वर्षाच्या बंधपत्रातूनही दंड भरून सुटण्याची वाट वर्षानुवर्षे मोकळी ठेवली. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार उघडले. लाखो रुपये ओतून डॉक्टर झालेल्या मुलाने खेड्यात जावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि ज्यांच्याजवळ तेवढेही पैसे नव्हते त्या आमच्या शेतकरी आणि शिक्षकांच्या मुलांनी रशिया, युक्रेन, कझाकस्तान गाठले. ज्या महाविद्यालयांत एके काळी फुकट शिक्षण मिळे, तीच आता परदेशी मुलांच्या फीवर डोळा ठेवून बसली आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटले तेव्हा खारकीव्हच्या तळघरांतून आपल्या मुलांचे फोन येत होते, हे विदर्भातल्या कितीतरी आईबापांना आठवत असेल.

तिसरा आधार गावच्या कार्यकर्त्याच्या प्रतिष्ठेचा. १९७७ मध्ये त्याला मानधन होते. आज आशाताईंनाही मानधन आणि कामागणिक मोबदलाच आहे, पगार नाही. करोनाच्या काळात उंबरठ्याउंबरठ्यावर ज्या गेल्या, त्यांना २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभर संप करावा लागला. आपण त्यांना स्वयंसेविका म्हणतो. रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर जीपमध्ये बसणारी बाई स्वयंसेविका आणि कार्यालयात बसून तिचे अहवाल गोळा करणारा कर्मचारी, हा न्याय समाजवादाचा नाही आणि बाजाराचाही नाही.

वाशिमला काय करता येईल

नव्या महाविद्यालयाकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड, मानोरा किंवा वाशिम तालुक्यातले एकेक गाव नेमून द्यावे. साडेचार वर्षांत तीच घरे, तीच माणसे. त्या गावाचे पाणी कोठून येते, सोयाबीनच्या हंगामात फवारणी करताना कोणाला विषबाधा झाली, कोणत्या घरातली बाई रक्त कमी असताना कामावर जाते, हे त्याने वहीत लिहावे. आशाताईने त्याला गाव दाखवावे आणि त्या दिवसाचा तिला रीतसर मोबदला मिळावा. कारण त्या दिवशी ती त्याची शिक्षिका असते. सेमाश्कोंनी १९२२ मध्ये जो विषय सुरू केला, त्याची याहून चांगली प्रयोगशाळा कोणती?

दुसरी अपेक्षा वैद्यकाच्या इतिहासाची. वर्षाकाठी चार व्याख्याने झाली तरी चालतील. भोर, सोखे, चोळकर, कोटणीस, आरोळे ही नावे आमच्या होणाऱ्या डॉक्टरांच्या कानांवरून गेली पाहिजेत. लिसेंकोचेही गेले पाहिजे. आपण जिथे बसून रोगी तपासतो ते केंद्र आभाळातून पडलेले नाही, हे कळलेला डॉक्टर तिथे बसण्याला शिक्षा समजणार नाही, अशी माझी आशा आहे.

तिसरी अपेक्षा आपल्या सर्वांकडून. २००७ पासून अमरावतीसह राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकरी एकत्र बसून आरोग्य केंद्राला गुण देत. जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकारी समोर असत. औषध का नव्हते, पैसे का मागितले, रुग्णवाहिका का आली नाही, याची उत्तरे तिथल्या तिथे द्यावी लागत. रशिया आणि चीनला जे जमले नाही ते नेमके हेच होते. गावोगावी आरोग्य, पोषण व स्वच्छता समित्या कागदावर आहेत. पुढच्या ग्रामसभेला त्या समितीचे सदस्य कोण, तिला मिळालेला निधी कशावर खर्च झाला आणि आपल्या उपकेंद्रात कोणती औषधे शिल्लक आहेत, हे तीन प्रश्न एकाने उभे राहून विचारावेत. पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या सभेलाही तेच तीन प्रश्न विचारावेत.